तीन योजनांखाली एक सही

१२ सप्टेंबर २००३

शाखेतून फॉर्म परत. कारण एकाच ओळीत : 'एजंटची सही जुळत नाही.' एजंट मी. सही मी स्वतः केलेली, भर दुपारी, चहा पिऊन. तरी जुळत नाही.

जुळेल कशी? विम्याच्या कागदांवर 'सौ. क. शि. मगदूम' ही सही पहिल्या दिवसापासून आमचे हे, म्हणजे माझे यजमानच, करत आलेत. ह्यांची मास्तरकी सरकारी, एजन्सी घेता येत नाही, म्हणून बायकोच्या नावावर. आमच्याकडं शाळामास्तरांत ही रीतच पडून गेलीय. नवरा गावभर फिरतो आणि एजंट बायको असते. साडेचार वर्षं मी एजंट आहे आणि आजवर एकही पॉलिसी विकलेली नाही.

आता हे पलंगावर. जुलैत उजवी बाजू गेली. हात, पाय आणि बोलणं. शब्द एकच राहिलाय, 'व्हय'. चहा हवा? व्हय. नको? व्हय. फॉर्म दाखवला. म्हटलं, अहो, माझीच सही माझी नाही म्हणतात. म्हणाले, व्हय.

१४ सप्टेंबर

विकास अधिकारी आले होते, ज्यांच्या हाताखाली ही एजन्सी चालते ते. घरात सगळे त्यांना साहेब म्हणतो. पलंगाजवळ बसले, ह्यांचा डावा हात हातात घेतला, मग स्वयंपाकघरात येऊन हळू बोलले.

"वहिनी, नवी सही देता येतीया. पर मग जुन्या सगळ्या कुणी केल्या, ते बी सांगायला लागंल. गुरुजी अजून नोकरीत हाईत. रजेचा पगार चालू हाय न्हवं?"

"मग मी काय करू?"

"जुनी सही शिका की. नाव तर तुमचंच हाय."

जाताना खरं सांगून गेले. २५ मार्चला एजन्सीला पाच वर्षं पुरी होतात. पाच पुरी झाली की जुन्या पॉलिसींवरचं कमिशन कायमचं आपलं, पुढं काम केलं नाही तरी येत राहतं. पण ह्या वर्षाचे बारा लाइफ व्हायला हवेत. बारा नवी माणसं. हे पडायच्या आधी तीन झालेली. राहिली नऊ. नाही झाली तर एजन्सी रद्द, आणि जुनं कमिशनही गेलं. ह्यांची रजा उन्हाळ्यापर्यंत पुरेल. त्यानंतर त्या कमिशनशिवाय घरात दुसरं काही येणार नाही.

म्हणजे नऊ माणसांवर आमचं दोघांचं उरलेलं आयुष्य. मला तर शेजारणीला उसनी साखर मागताना जीभ अडखळते.

२१ सप्टेंबर

ह्यांच्या शाळेची कोरी वही काढली. पानभर सही. ह्यांचा 'क' खालून वर चढतो, मग पोट धरून वळतो. 'मगदूम'चा 'म' मोठा, अधिकाऱ्यासारखा. खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं कशाला, देव जाणे. चाळिसाव्या वर्षी धुळाक्षरं गिरवतेय, आणि तीही माझ्याच नावाची.

माझी सही कशी होती ते आठवत बसले. लग्नाच्या रजिस्टरवर केली असेल. त्यानंतर कुठं लागलीच नाही.

४ ऑक्टोबर

नव्या नियमाचं प्रशिक्षण, आज तिसरा दिवस, संपलं. वर्गात आम्ही सहा बायका. सहाही जणी मास्तरांच्या नाहीतर कारकुनांच्या. सरांनी विचारलं, व्यवसाय किती वर्षांचा? कोणी सात सांगितलं, कोणी अकरा. मग विचारलं, बोनस म्हणजे काय? सगळ्या फळ्याकडं बघत बसल्या. एक जण पुटपुटली, "दिवाळीला देत्यात त्यो." हसू आलं, पण मलाही तेच वाटत होतं.

घरी आल्यावर शोकेसमधली ढाल पुसली. 'उत्कृष्ट एजंट, सौ. कमल मगदूम.' दोन वर्षांपूर्वी स्टेजवर जाऊन मीच घेतली होती, लग्नातला शालू नेसून. साहेब माइकवर म्हणाले होते, वहिनींनी ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. खरंच बघितला नव्हता, घरातच होते की. ह्यांनी आधी बजावलेलं, 'धन्यवाद' एवढंच म्हणायचं. तेवढंच म्हटलं. टाळ्या झाल्या.

१८ ऑक्टोबर

सही पास झाली. तोच फॉर्म पुन्हा पाठवला होता, ह्यांच्या वळणानं सही करून. परत आला नाही. ह्यांनी पडायच्या आधी ठरवून ठेवलेला तो माणूस चौथा झाला. आनंद व्हायला हवा होता.

९ नोव्हेंबर

भाऊबीज होऊन गेली, तरी कुरुंदवाडला जाऊन आले. अण्णाला विमा मागायला म्हणूनच गेले, खोटं कशाला लिहू. अण्णानं जेवू घातलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "किती हप्ता बसतोय, तंगी?" मी लहान होते तेव्हापासून तो तंगीच म्हणतो, कानडीतली धाकटी बहीण.

म्हटलं, योजना समजावून सांगते.

"नगो सांगू. तू दारात आलीयास, मी न्हाय म्हनू? यंदाचं भरतो. फुडच्या वर्साचं मला इच्यारू नगो."

वहिनीनं ताटं जरा जोरात उचलली. परत येताना एस.टी.त रडू आलं. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "माहेरासनं आलीस व्हय?" मान हलवली.

अण्णा पाचवा.

१३ डिसेंबर

ह्यांचं रजिस्टर काढलं. जुनी माणसं गाठायची तर नावं हवीत. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. बऱ्याच नावांपुढं लाल शाईत बारीक 'प.ह.मी.' पहिलं नाव दूधवाल्याचं. दुसरं ह्यांच्या शाळेतल्या शिपायाचं. पन्हाळ्याच्या रस्त्यावरचा एक रसवंतीवाला. ढाल मिळाली त्या वर्षी तर अर्ध्याहून जास्त 'प.ह.मी.'

दूधवाला सकाळी आला तेव्हा त्यालाच विचारलं. तो हसला. "पयला हप्ता मास्तरांनीच भरला की वो. मला म्हनले, तू निस्ती सही कर, नाव लागतंय. फुडं मी कुठनं भरनार? गेली ती, बंद पडली."

पहिला हप्ता मी. असं होतं ते तर. स्वतःच्या खिशातून माणसं उभी केलेली, बारा भरावीत म्हणून, ढाल मिळावी म्हणून. दुसऱ्या वर्षी हप्ता थांबला की सगळी पॉलिसी बंद. दूधवाल्याचं काही गेलं नाही. पण रजिस्टरात खालच्या बाजूला ज्यांनी स्वतः भरले आणि मग जमलं नाही अशीही नावं आहेत. त्यांचं गेलं.

ह्यांच्यापुढं रजिस्टर धरलं. मोठ्यानं वाचलं : प.ह.मी. म्हणाले, व्हय. आणि तोंड भिंतीकडं केलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की ह्या व्हयला अर्थ आहे. मला राग आला होता, तो तसाच अडकून राहिला. लुळ्या पडलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

१९ जानेवारी २००४

सहा, सात, आठ झाले. मामेबहीण, तिचा दीर, गल्लीतला इस्त्रीवाला. तिघांनीही भिडेखातर घेतली. ही भीड नसती तर कोल्हापुरात एकही पॉलिसी खपली नसती. कुणीही योजना ऐकून घेत नाही. मामेबहीण म्हणाली, "अगं, ते ऱ्हाऊ दे. सही कुठं करू तेवढं दाखव."

२ फेब्रुवारी

मारुती खोत आला होता. मूळचा मलकापूरकडचा, शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे घालणारा. ह्यांनी त्याच्या पुतण्याला शिकवलेलं. तीन वर्षांची एकच मुलगी आहे, तिच्या अठराव्या वर्षी हातात एकरकमी काही यावं, एवढीच इच्छा. पिशवीतून तीन कागद काढले. एक आमच्या सरकारी कंपनीचा. दोन नव्या खाजगी कंपन्यांचे, गुळगुळीत, रंगीत, वर हसणारी माणसं.

"ताई, तिन्ही एजंट आपापलंच ग्वाड सांगत्यात. तुमी गुरुजींच्या घरच्या. तिन्हीचं एका कागदावर मांडून द्या, मराठीत. कुठं काय मिळतंय आनि कुठं काय बुडतंय. मग तुमच्याकडंच घेतो."

पहिला माणूस, ज्यानं मला काही विचारलं. हो म्हटलं. तो गेल्यावर पहिला कागद उघडला, सगळा इंग्रजीत.

१० फेब्रुवारी

आठ दिवस झाले, तीन कागद आणि मी. ह्यांचं शाळेतलं भिंग आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन बसते. ह्यांना भरवून झालं की दुपारचे दोन तास.

सरकारी : दर हजारी बोनस, म्हणजे विम्याच्या हजार रुपयांमागं नफ्यातला वाटा, दरवर्षी जाहीर होतो. ठरलेला नाही. अलीकडं उतरलाय, हे कागदावर नाही, साहेबांनी विचारल्यावर सांगितलं.

दुसरी : बोनसवर बोनस. हे समजायला दोन दिवस गेले. रकाने दोन, एक कमी व्याजाचा, एक जास्तीचा. जास्तीचा ठळक छापलाय. खाली चांदणी आणि मुंगीएवढ्या अक्षरात : ह्यातलं काहीच नक्की नाही.

तिसरी : पहिली काही वर्षं नक्की रक्कम वाढते, पुढं 'जाहीर झाल्यास'. हप्ता तिघांत जास्त.

शेवटी जी रक्कम हातात येईल ती तिन्हींत थोडी मागंपुढं. पंधरा वर्षांनी तेवढ्यात काय येईल, हा हिशेब कुणीच छापलेला नाही. पण एक ओळ तिन्ही कागदांवर आहे, वेगवेगळ्या पानावर, वेगवेगळ्या शब्दांत. पहिली तीन वर्षं हप्ते पुरे भरले नाहीत तर काही परत मिळणार नाही. रंग तीन, पण ह्या ओळीपुरत्या तिघी सख्ख्या बहिणी.

ह्यांनी ही ओळ कधी कुणाला वाचून दाखवली असेल का? अण्णाला मी तरी कुठं दाखवली.

१७ फेब्रुवारी

शिरोलीला जाऊन आले. खोतला विचारायचं होतं, हप्ता महिन्याचा की वर्षाचा. फौंड्रीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. अंगावर काळी माती, दात तेवढे पांढरे. बोलता बोलता म्हणाला, पाळ्या तीनच्या दोन झाल्यात. मालक म्हणतोय, पावसाळ्यापर्यंत एकच राहील.

"मग हप्ता झेपेल का हो?"

"बगू की. नेट लावायचा. न्हायतर पोरीला ठिवायचं काय?"

टपरीवाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. "पावनं हायसा," म्हणाला. बसमध्ये बसल्यावर मला नको तेवढं सगळं कळलेलं होतं. हा माणूस दोन वर्षं पोटाला चिमटा काढून भरणार आणि तिसऱ्या वर्षी थांबणार. रजिस्टरातल्या खालच्या नावांसारखा. मुलगी पाच वर्षांची असेल तेव्हा.

५ मार्च

नववा, दहावा. दोघेही साहेबांनी दिलेले. मी फक्त सही केली. सही आता ह्यांच्यापेक्षा बरी येते. टिंबंसुद्धा जिथल्या तिथं.

१६ मार्च

अकरावी मी स्वतः. माझाच विमा, सगळ्यात छोटा बसतो तेवढा. वारस म्हणून ह्यांचं नाव लिहिलं. लिहिताना थांबले. मी गेले तर हे ती रक्कम घ्यायला सही कुठली करणार? डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा चालतो म्हणे.

एक राहिला. खोत.

२२ मार्च

काल पाडवा झाला. गुढी मीच उभारली, पहिल्यांदाच. ह्यांना खुर्चीत बसवून दारात आणलं. कडुनिंबाचं पान तोंडात घातलं तर ते थुंकले, आणि त्या कडू तोंडानं म्हणाले, व्हय. हसले मी. पाडव्याला हसावं लागतं.

साहेब संध्याकाळी आले. "वहिनी, खोत न्हाई आला तर माज्याकडं एक नाव तयार हाय. पयला हप्ता तुमी घाला, बाकीचं मी बघतो. सगळी घालत्यात. गुरुजी बी घालायचे."

"माहीत आहे," म्हटलं.

"मग? तीन दिवस ऱ्हायल्यात."

डब्यात हप्त्याएवढे निघतील. त्यात ह्यांची महिन्याची औषधं आहेत. उद्या सांगते म्हटलं.

२४ मार्च

खोतचा कागद पुरा झाला. एक ताव, तीन उभे रकाने, पट्टीनं आखलेले. आडव्या ओळी : हप्ता, मुदत, नक्की किती, नक्की नसलेलं किती, मधेच मृत्यू झाला तर, मधेच थांबलं तर. वर त्याच्या मुलीचं नाव घातलं. असा कागद मी आयुष्यात केला नव्हता. दोनदा वाचला, चूक सापडली नाही.

तळाला पेन्सिलीनं एक ओळ लिहिली : 'तीन वर्षं हप्ते भरण्याची खात्री नसेल तर ह्या तिन्हींतली एकही घेऊ नये.'

ही ओळ ठेवली तर बारावा जातो. बारावा गेला तर पाच वर्षांचं सगळं जातं, खरं आणि प.ह.मी. दोन्ही. खोडली तर कुणाला कळणार नाही. तिन्ही कंपन्यांनी ती आधीच लपवून ठेवलीय, त्यात माझी चौथी.

ह्यांना विचारलं. ही ओळ खोडू?

व्हय.

राहू दे?

व्हय.

तुमच्यामुळं मी इथं बसलेय, असं ओरडले. पहिल्यांदा ओरडले. हे लहान मुलासारखे बघत राहिले, मग डाव्या हातानं चादर चाचपत माझा हात शोधू लागले. मी दिला नाही. थोड्या वेळानं दिला.

मग पेन घेतलं आणि पेन्सिलीवरून ती ओळ शाईनं गिरवली. धाडस वगैरे काही नाही. खोडरबर हातात घेतलं की दूधवाल्याचं हसणं आठवत होतं, एवढंच. साहेबांना निरोप दिला की हप्ता मी घालणार नाही. ते म्हणाले, "बघा. उद्या चारपर्यंत थांबतो."

आता आपलं काय होणार ते मला दिसतंय. फार काही होणार नाही. अण्णाकडं हात पसरायचा, बाकी काय.

२५ मार्च

खोत साडेबाराला आला, संध्याकाळच्या पाळीवर जायच्या आधी. कागद उभ्यानंच वाचला, रकान्यावर बोट ठेवून, ओठ हलवत. एकेका ओळीला मान डोलवत होता. तळाच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे दुसऱ्या कुनी सांगितलं न्हाय," म्हणाला.

एक मन म्हणत होतं, सांग त्याला, होईल हो तीन वर्षं, भरशील तू.

"ह्याच्यावर सही करा ताई, तुमची. कारभारनीला दावतो, तिला इच्यारतो आनि पाळीच्या आदी येतो. फारम भरून ठिवा, न ठिवा, तुमची मर्जी."

पेन टेकवलं आणि हात आपसूक खालून वर चढला, पोट धरून वळला, मोठा 'म', खाली रेघ, दोन टिंबं. झाल्यावर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा जे पुरतं माझं होतं, त्याच्याखाली ह्यांचा हात. इतकं वाईट वाटलं की खोतसमोर डोळे भरले. मग त्याच सहीखाली पुन्हा लिहिलं, शाळेतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं : कमल मगदूम. वेडंवाकडं आलं.

"दोन कशाला?"

"वरची शाखेत चालते. खालची माझी आहे."

त्यानं दोन्हींकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. "बरं," म्हणाला. सायकलवरून गेला.

फॉर्म भरून ठेवलाय. वरची सही केलीय. नुसतं त्याचं नाव आणि त्याची सही बाकी.

अडीच.

तीन वाजून दहा. ह्यांना चहा दिला. निम्मा सांडला.

साडेतीन. साहेबांचा फोन शेजारी आला होता. शेजारीण सांगून गेली. शाखेचं काउंटर अजून उघडं आहे, ते थांबलेत. देवासमोर जाऊन उभी राहिले. तिथं गेल्यावर कळेना की काय मागावं. तो यावा की येऊ नये. आला तर आमचं भागतं आणि त्याच्या पोरीचं बुडतं. नाही आला तर माझा कागद खरा ठरतो.

फाटकाची कडी वाजली. उठून बघितलं नाही, पेन हातातच धरून बसले. ह्यांची खाट खिडकीशी, त्यांना दिसतं. विचारलं, खोत आहे का हो?

म्हणाले, व्हय.